उभी पट्टी, लटकती गाडी

गेल्या अंकात या सदरात अंगणातल्या छोट्या रेल्वेविषयी लिहिले होते. त्यानंतर कोल्हापुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय मोनोरेल, म्हणजे एकाच रुळावर चालणारी गाडी, हाच होता, म्हणून या वेळची जागा त्या पत्रांनाच दिली आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून उत्तरे माझ्या स्वतःच्या अंगणातल्या कामावर आणि कागदावर केलेल्या हिशेबावर आधारलेली आहेत.

प्रश्न : रुईकर कॉलनीतील आमच्या घरामागे आंब्याच्या झाडाभोवती ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी बागेतली रेल्वे मी बसवली आहे. मुंबईची मोनोरेल पाहिल्यापासून तशीच गाडी आपल्या रेल्वेच्या वरून जावी, असा नातवाने हट्ट धरला आहे. तिची तुळई लाकडाची करावी की सिमेंटची? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : तुळई कशाची करायची हे ठरवण्याआधी तुळई हवी आहे का, हे ठरवायला हवे. मोनोरेलची ठळक घराणी दोन आहेत. पहिल्या घराण्यातली गाडी रुंद तुळईवर घोड्यावर मांड ठोकल्यासारखी बसते. या पद्धतीची चाचणी जर्मनीत कोलोनजवळ १९५२ मध्ये झाली आणि तिच्यामागचे स्वीडिश उद्योगपती अ‍ॅक्सेल लेनार्ट वेनर-ग्रेन यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिला 'अल्वेग' हे नाव पडले. टोकियोतील हानेदा विमानतळाकडे जाणारी १९६४ ची गाडी आणि २०१४ मध्ये वडाळा ते चेंबूर सुरू झालेली मुंबईची गाडी, दोन्ही याच घराण्यातल्या. दुसऱ्या घराण्यातली गाडी रुळाखाली लटकते. जर्मनीतीलच वुपर्टाल शहरात १९०१ पासून अशी गाडी चालते. तिचा मार्ग १३.३ किलोमीटरचा असून त्याचा बराचसा भाग वुपर नदीच्या पात्रावरून जातो.

तुळईवर बसणाऱ्या गाडीला वर धावणारी चाके तर लागतातच, शिवाय तुळईच्या दोन्ही अंगांना चिकटून फिरणारी आडवी चाकेही लागतात, आणि ती असल्याखेरीज गाडी उभी राहत नाही. त्यामुळे तुळईची रुंदी सगळ्या वाटेवर, वळणातसुद्धा, एकसारखी असावी लागते. आडवी चाके ४० मिलिमीटरला बसवली आणि एखाद्या ठिकाणी तुळई ४१ निघाली, तर गाडी तिथे अडकते; ३९ निघाली, तर डुलते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात सागवानही थोडे फुगते, मग इतर लाकडाची काय कथा. सिमेंटची सरळ तुळई ओतणे सोपे आहे, पण वळणाचा अचूक फर्मा करणे हे घरच्या घरी होण्यासारखे काम नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप सरळ भागात उत्तम चालतो, मात्र वाकवताना आतल्या बाजूला त्याला चुण्या पडतात.

म्हणून माझे मत असे की गाडी लटकवावी. रूळ म्हणून २५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी साधी लोखंडी पट्टी कडेवर उभी बसवावी. अशी उभी पट्टी गाडीच्या वजनाखाली फारशी वाकत नाही आणि आडव्या अंगाने मात्र सहज वळते, म्हणजे आपल्याला हवे तेच दोन्ही गुण तिच्यात आहेत. पट्टीच्या वरच्या कडेवर दोन्ही बाजूंना फ्लँज (बाहेर आलेला काठ) असलेले, मध्ये खाच असलेले चाक चालते, आणि चाकाच्या चौकटीतून निघालेला हँगर पट्टीच्या एका अंगाने खाली उतरून गाडीला धरतो. वुपर्टालची रचनाही मुळात अशीच आहे: एक रूळ, दुहेरी फ्लँजचे चाक आणि एका बाजूने खाली आलेला हात. वजन आधाराच्या खाली असल्यामुळे तोल सांभाळायला वेगळी युक्ती लागत नाही. नातवाला मुंबईचीच गाडी हवी असेल हे मी समजू शकतो, परंतु खाली काहीच नसताना डोक्यावरून सरकत जाणारी गाडी पाहिल्यावर हा हट्ट टिकत नाही, असा माझ्या घरचा अनुभव आहे.

प्रमाणाचेही पाहून ठेवावे. ४५ मिलिमीटरचा रूळ १ : २२.५ या प्रमाणात १०१२ मिलिमीटरचा, म्हणजे मीटर गेजचा (दोन रुळांत एक मीटर अंतराचा) होतो. १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर–मिरज मार्ग मीटर गेजचाच होता, तेव्हा आपल्या आंब्याखालून जाणारी गाडी जुन्या कोल्हापूर संस्थानची म्हणायला हरकत नाही. वुपर्टालचा २४ मीटरचा डबा त्याच प्रमाणात १०७ सेंटिमीटरचा होईल, आणि अंगणातल्या वळणांवर तो शोभणार नाही व वळणारही नाही. प्रमाणाचा मोह सोडून डबा ४५ सेंटिमीटरचा करावा. चाक ४० मिलिमीटर व्यासाचे आणि त्याचा वेग मिनिटाला १५० फेरे ठेवला, तर गाडी सेकंदाला ३१ सेंटिमीटर जाते. प्रमाणात हा वेग ताशी २५ किलोमीटर होतो आणि पाहायला पुरेसा ऐटबाज वाटतो.

प्रश्न : पट्टी कोठे वाकवून घ्यावी, खांब किती अंतरावर ठेवावेत आणि पाया किती खोल घ्यावा? आमच्या अंगणात काळी माती आहे. – एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : अशी पट्टी वजनावर मिळते. एका मीटरला साधारण एक किलो भरते आणि सहा-सहा मीटरच्या लांबीत ती येते. सव्वा मीटरच्या आसपास त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आणि दोन सरळ बाजू मिळून १८ मीटरचा फेरा होतो, म्हणजे तीन लांब्या पुरतात. शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात तीन रोलरच्या यंत्रावर ती काही मिनिटांत वळवून मिळेल. घरीच वाकवायची असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही पट्टी दोन मीटर त्रिज्येपर्यंत नुसती लवते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. त्याहून अधिक वाकवली तरच तिला वळण राहते, आणि तेही सोडल्यावर बरेच उलगडते. त्यामुळे सव्वा मीटरच्या वळणासाठी फर्मा पाऊण मीटरपेक्षाही कमी त्रिज्येचा लागतो. लोखंड ज्या त्या खेपेला वेगळे असते, म्हणून आधी एका तुकड्यावर करून पाहावे, आणि फरशीवर खडूने खरे वळण आखून पट्टी त्यावर ठेवून पडताळावी.

खांबांच्या अंतराचा हिशेब असा. दोन किलोची गाडी दोन खांबांच्या मधोमध आली असता, खांब एक मीटरवर असतील तर पट्टी सुमारे ०.३ मिलिमीटर दबते; तेच अंतर दोन मीटर केले, तर दाब दुप्पट न होता आठपट होऊन अडीच मिलिमीटरवर जातो. यावरून एक मीटर पुरेसे आहे असे वाटेल. पण हीच पट्टी आडव्या अंगाने २५ पट कमी ताठ असते आणि वाऱ्याने किंवा कोणाचा हात लागून ती डुलते. मी ७५ सेंटिमीटर अंतर ठेवले आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही.

खांब सगळे फेऱ्याच्या आतल्या बाजूला आणि हँगर बाहेरच्या बाजूला, हा नियम मोडता येत नाही, कारण पट्टीला एका अंगाने आधार आणि दुसऱ्या अंगाने वाट हवी असते. चाकाचा फ्लँज पट्टीच्या वरच्या कडेखाली ४ मिलिमीटर उतरतो, म्हणून आधाराचा कंस (ब्रॅकेट) पट्टीच्या खालच्या १२ मिलिमीटरांतच बसवावा. कंसाला वेल्डिंग करू नये. चपट्या डोक्याचा बोल्ट वापरून पट्टीतले भोक थोडे लांबट ठेवावे, कारण जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत पट्टीच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर सहा मीटरची लांबी जवळजवळ तीन मिलिमीटरने वाढते. जोडावर तेवढी फट ठेवायला भिऊ नये. ४० मिलिमीटरचे चाक तीन मिलिमीटरच्या फटीत केसाच्या जाडीइतकेच उतरते. गाडीला धक्का बसतो तो दोन टोके एका रेषेत नसली तर, तेव्हा टोकांच्या दोन्ही अंगांवर कानस फिरवून त्यांना किंचित निमुळते करावे.

आता काळ्या मातीविषयी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पायाला बरोबर घेऊन हलते. माझ्या पहिल्या खटपटीत मी फूटभर खोल खड्डे घेऊन पाऊण इंची जीआय पाइप सिमेंटमध्ये उभे केले होते. ओळंबा लावून उभे केलेले ते खांब मे महिन्यात देखणे दिसत होते. ऑक्टोबरात पाहिले तर दोन शेजारचे खांब एकमेकांना नमस्कार करीत होते आणि त्यांच्यामधली पट्टी आठ मिलिमीटर वर उचलली गेली होती. गाडी तिथे येऊन थांबायची आणि चाक जागीच फिरायचे. माती खणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे, हा त्यावरचा खरा उपाय आहे. मुरूम फार खोल असेल, तर निदान दीड-दोन फूट जावे आणि खांबाच्या माथ्यावर बोल्ट व दोन नट यांवर कंस बसवावा, म्हणजे पावसाळा सरल्यावर उंची पुन्हा जुळवता येते. उंची जुळवायला गवंड्यांची पाण्याची नळी उत्तम. जमीन उताराची असली तरी खांब लहानमोठे करून पट्टी सपाट ठेवता येते, आणि तशी ती ठेवावीच. चढ देणे अगदी भाग पडले, तर तीस मीटरला एक मीटर याहून अधिक देऊ नये.

पट्टीची उंची जमिनीपासून ६० सेंटिमीटर पुरते. हँगर आणि डबा मिळून २५ सेंटिमीटर गेले, तरी खालून रेल्वे जायला जागा राहते. मात्र हीच उंची लहान मुलांच्या तोंडासमोर येते, म्हणून कंसाची टोके गोल घासून त्यांना भडक रंग द्यावा.

प्रश्न : एका रुळावर तोल राखण्यासाठी जायरोस्कोप, म्हणजे जड चाक वेगाने फिरवून तोल धरणारे यंत्र, लागतो, असे वाचले आहे. आमच्या महाविद्यालयीन प्रकल्पात तो घ्यावा का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : रुळावर उभ्या राहणाऱ्या गाडीला घेता येतो, लटकणाऱ्या गाडीला नको. लुई ब्रेनन यांनी १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये जायरोस्कोपवर तोल सांभाळणारी गाडी चालवून दाखवली होती, पण तिच्यातली जड चाके सतत गरगरत ठेवावी लागत आणि प्रत्येक डब्याला आपापली जोडी लागली असती. जुन्या लोकांनी याहून साधे मार्ग काढले होते. आयर्लंडमध्ये लिस्टोवेल ते बॅलीबनियन या मार्गावर १८८८ ते १९२४ पर्यंत गाडी उंच रुळावर दोन्ही बाजूंना, बैलाच्या पाठीवर गोणी टाकावी तशी, लादलेली असे आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे लागे. पतियाळा संस्थानात १९०७ मध्ये सुरू झालेल्या मोनोरेलला रस्त्यावर टेकणारे एक बाजूचे मोठे चाक होते. बहुतेक भार रूळ वाही आणि ते चाक फक्त कलणे थांबवी. ती गाडी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेली आहे आणि प्रकल्पासाठी मला तीच अधिक शिकवणारी वाटते.

प्रश्न : मी लेथवर पितळी चाके स्वतः उतरवली. व्यास ४० मिलिमीटर, फ्लँजसह ४८, खाच ६ आणि पट्टी ५ मिलिमीटरची आहे. बोगीत, म्हणजे चाकांच्या चौकटीत, दोन चाके ८० मिलिमीटर अंतरावर पक्की आहेत. दीड मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी सुरळीत जाते, परंतु ९० सेंटिमीटरच्या वळणात चाके घासतात आणि मोटर अडते. पट्टी नीट वाकली नाही का? – एक टर्नर, कळंबा

उत्तर : आपण मापे दिलीत याबद्दल आभारी आहे, मापांशिवाय आलेल्या पत्रांना उत्तर देणे म्हणजे अंधारात ढेकूळ मारणे असते. पट्टीत दोष नाही, खाच अरुंद आहे.

चाक पट्टीला एका बिंदूत टेकते, पण फ्लँज पट्टीच्या दोन्ही अंगांना बऱ्याच लांबीपर्यंत कवटाळतो. आपल्या चाकाचा फ्लँज ४ मिलिमीटर खाली उतरतो, आणि पट्टीच्या वरच्या कडेच्या पातळीवर त्याची लांबी मोजली तर ती साडेसव्वीस मिलिमीटर भरते. आता बोगी वळणात आहे असे डोळ्यांसमोर आणा. दोन्ही चाके बोगीच्या रेषेत सरळ उभी आहेत आणि पट्टी मात्र त्यांच्याखालून तिरकी जाते आहे. हा तिरकेपणा चाकांच्या अंतराच्या निम्म्याला त्रिज्येने भागले की मिळतो: ४० भागिले ९००, म्हणजे सुमारे अडीच अंश. साडेसव्वीस मिलिमीटरच्या लांबीत एवढ्या तिरकेपणाने पट्टी सुमारे १.२ मिलिमीटर बाजूला सरकते. पाच मिलिमीटर जाडीत ते मिळवा आणि पट्टीच्या स्वतःच्या बाकासाठी ०.१ धरा, ६.३ मिलिमीटरची वाट हवी आणि आपण दिली आहे ६ ची. दीड मीटरच्या वळणात हाच आकडा ५.७ च्या वर-खाली येतो, म्हणून तिथे गाडी जाते. आपली पट्टी आणि लेथ दोन्ही खरी बोलत आहेत.

खात्री करून घ्यायची असेल, तर फ्लँजच्या आतल्या तोंडावर मार्करची शाई लावून गाडी हाताने त्या वळणातून ढकलावी. दोन्ही फ्लँजच्या काठालगत शाई बांगडीसारखी गोल पुसली गेली आणि तळाजवळची तशीच राहिली, तर दोष खाचेचा. एकाच फ्लँजची शाई आणि तीही एकाच जागी पोहोचल्यावर पुसली जात असेल, तर पट्टीला तिथे कोपरा पडला आहे असे समजावे.

उपाय म्हणून फ्लँज कमी करू नये. एक मिलिमीटर फ्लँज काढून हिशेब केला, तरी सहाच्या खाली आकडा जात नाही, आणि उलट गाडी पट्टीवरून उतरण्याची भीती वाढते. चाके जवळ आणणे, म्हणजे ८० चे ५० करणे, चालेल, पण त्यासाठी बोगी नव्याने करावी लागेल. आपल्या हाती लेथ आहे, तेव्हा खाचेचा तळ ६ मिलिमीटरच ठेवून तिचे तोंड साडेसात मिलिमीटरपर्यंत उतरते घ्यावे. घासणे काठालाच होते, म्हणून मोकळीक तिथेच हवी. तळाशी ती दिली तर सरळ वाटेवर गाडी नागमोडी चालते आणि प्रत्येक जोडावर खटका देते. चाक पुन्हा लेथच्या चकात धरताना त्याचा मध्य चुकला, तर केलेले सगळे पाण्यात जाईल, हे आपल्याला सांगायला नकोच.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगून ठेवतो. डब्याच्या दोन बोगींमध्ये २८ सेंटिमीटर अंतर असेल, तर ९० सेंटिमीटरच्या वळणात डब्याचा मधला भाग ११ मिलिमीटर आत येतो, आणि आतल्या बाजूला खांब आहेत. सुमारे १० सेंटिमीटर रुंदीच्या डब्याला खांबाचा मध्य पट्टीपासून निदान ९ सेंटिमीटर आत हवा. खाच मोकळी झाल्यावर गाडी प्रथमच त्या वळणातून पूर्ण जाईल, तेव्हा पहिला फेरा हाताने द्यावा.

प्रश्न : गाडी उभी असली तरी तिची बाहेरची बाजू खाली झुकते. दोन हँगर प्रत्येकी १५० ग्रॅमचे असून पट्टीच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर बाहेर आहेत. एकूण वजन दोन किलो आहे. तसेच विजेसाठी बॅटरी ठेवावी की पट्टीतून वीज द्यावी? – एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : विजेचे आधी सांगतो, कारण कलण्याचा उपाय त्यातच दडलेला आहे. एका पट्टीतून विजेचे एकच टोक मिळते. दुसऱ्यासाठी सगळ्या वाटेवर वेगळी तांब्याची तार ओढावी लागते, आणि पहिल्या पावसानंतर पट्टी गंजते व तार काळवंडते. बॅटरी गाडीतच ठेवावी. १८६५० मापाचे तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट मिळतात. २२०० मिलिअँपिअर-तासांचे सेल आणि ३०० मिलिअँपिअर घेणारी १२ व्होल्टची गिअर मोटर असेल, तर हिशेबाने सात तास गाडी चालते. सेलांच्या जोडीला संरक्षणाची बीएमएस पट्टी (बॅटरी सांभाळणारे सर्किट) असलीच पाहिजे, आणि चार्जिंग कोणीतरी घरात जागे असतानाच, उन्हापासून दूर करावे. मोटरच्या दांड्यावर गाडीचा भार टाकू नये. चाकाला स्वतंत्र दांडा आणि दोन बंद बेअरिंगे देऊन त्याला गिअरने फिरवावे, नाहीतर मोटरचे गिअर लवकर कुरकुरू लागतात.

आता कलण्याकडे वळू. चाक पट्टीच्या ज्या कडेवर टेकते, ती पाच मिलिमीटर रुंद आहे. गाडीचा गुरुत्वमध्य त्या कडेच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असेल, तर गाडी सरळ राहते. त्याबाहेर गेला की फ्लँज टेकेपर्यंत ती कलते. आपल्या दोन्ही हँगरांचे ३०० ग्रॅम ४० मिलिमीटर बाहेर आहेत. हा गुणाकार दोन हजार ग्रॅमांनी भागला की सहा मिलिमीटर येतात, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. तीन सेल मिळून जेमतेम दीडशे ग्रॅम भरतात. ते मध्यात न ठेवता आतल्या बाजूला चार सेंटिमीटर सरकवले, तर जवळपास निम्मा तोल सावरतो. उरलेल्यासाठी सुमारे १४० ग्रॅमचा लोखंडी तुकडा डब्याच्या आतल्या भिंतीला, तळाशी, स्क्रूने बसवावा. चिकटपट्टीने लावला तर उन्हात तो सुटतो.

बरोबर झाले की नाही हे पाहायला पट्टीच्या मध्यावरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडावा आणि डब्याच्या पुढच्या भिंतीवर मध्यरेषा आखून ठेवावी. नटाचे झुलणे थांबल्यावर दोरा आणि रेषा एकमेकांवर आली, की तुकडा पक्का करावा. दोरा रेषेच्या बाहेरच्या अंगाला राहिला, तर तुकडा अजून हलका आहे. आतल्या अंगाला गेला, तर थोडे वजन काढावे. ही तपासणी मुलांनी डब्यात ठेवलेली सगळी खेळणी काढल्यावरच करावी.